चेक इंजिनचा दिवा लागलाय, ३८ हजारांचं एस्टिमेट दिलंय, करू का नको?

अमळनेरचा मास्तर

नमस्कार मंडळी. गाड्यांतलं मला काही म्हणता काही कळत नाही म्हणून विचारतोय, हसू नका. गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनीचंच सीएनजी किट, ८१ हजार चाललीय. पंधरा-वीस दिवसांपूर्वी डॅशबोर्डवर तो पिवळा इंजिनच्या आकाराचा दिवा लागला. आधी लागायचा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपोआप जायचा, आता कायमचाच बसलाय. गाडी तशी चालते, फक्त सकाळी पहिली पाच मिनिटं थरथरते आणि सीएनजीवर चढाला घातली की धक्के देते. पेट्रोलवर टाकली की बरी चालते म्हणून मी दुर्लक्ष केलं, खरं ते सांगतो.

मागच्या रविवारी जळगावला सर्व्हिस सेंटरला नेली. लॅपटॉप लावला, पाच मिनिटं बघितलं आणि तिथला पोरगा म्हणतो सर कॅट गेलाय. मी म्हटलं कोणाची कॅट? मग त्याने सांगितलं की सायलेन्सरच्या आधी एक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, धूर साफ करतो, तो खराब झालाय. हातात कागद दिला त्यावर कॅट २४,५००, मागचा ऑक्सिजन सेन्सर ४,२००, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी क्लिनिंग ३,२००, इंजिन डीकार्बन ३,४००, लेबर २,८००. एकूण ३८,१००. आणि नुसता लॅपटॉप लावायचे ५०० घेतले ते वेगळे.

चैत्रात आईला सप्तशृंगी गडावर न्यायचंय, नांदुरीचा घाट चढायचा आहे. हे काम करूनच जावं लागेल का? तशीच नेली तर वाटेत बसेल का? आणि ३८ हजार हा भाव बरोबर आहे का ते पण सांगा, माझ्या एका सहकाऱ्याच्या मते निम्म्यात होतं.

धुळ्याचा जिभाऊ

मास्तर, भाव नंतर विचारा, आधी कोड विचारा. त्या पोराने लॅपटॉप लावला तेव्हा स्क्रीनवर पी आणि पुढे चार आकडे असं काहीतरी आलं असेल, पी०४२० किंवा पी०३०० वगैरे. ते तुमच्या कागदावर आहे का? नसेल तर तुम्ही ५०० रुपये कशाचे दिले? डॉक्टरने रक्त तपासलं आणि रिपोर्ट न देता डायरेक्ट ऑपरेशनची तारीख दिली अशातला प्रकार झाला हा.

दुसरं, दिवा स्थिर आहे का लुकलुकतो? हे फार महत्त्वाचं आहे. स्थिर असेल तर घाई नाही, आठवडाभरात दाखवा. पण लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ इंजिनात एखादा सिलिंडर पेटत नाहीये, मिसफायर म्हणतात त्याला, आणि न जळलेलं इंधन तसंच कॅटमध्ये जाऊन तिथे जळतंय. आतली चिनी मातीची जाळी वितळायला लागते मग. दिवा लुकलुकला की पाय हलका करायचा, गाडी बाजूला घ्यायची.

तिसरं, लाल दिवा असता, तेलाच्या बुधलीचा किंवा थर्मामीटरचा, तर मी म्हटलं असतं आहे तिथे बंद करा आणि टो करा. पिवळ्याला एवढं घाबरानं काम नई.

मी २२ वर्षं गॅरेजच चालवतोय, पारोळा रोडला, आता पोरगा बघतो. त्याच्याकडे ये म्हणून सांगत नाहीये, तुम्हाला अमळनेरलाच होऊन जाईल हे.

टायगर ०२५७

एवढं काय पुराण, बॅटरीचं निगेटिव्ह काढा १५ मिनिटं, परत लावा, दिवा गायब. माझ्या गाडीला चार वेळा केलंय. फुकटात काम.

धुळ्याचा जिभाऊ

चार वेळा करावं लागलं म्हंजे तीन वेळा परत आला ना भाऊ. मग गेला कुठे?

मास्तर हे करू नका. दिवा लागतो त्या क्षणाला गाडी किती स्पीडला होती, इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती, लोड किती हे सगळं ईसीयू, म्हंजे इंजिनचा कॉम्प्युटर, लिहून ठेवतो, फ्रीझ फ्रेम म्हणतात. बॅटरी काढली की ते पुसलं जातं. म्हंजे चोर पळाला आणि आपण स्वतःच पायाचे ठसे झाडूने झाडले. शिवाय इंजिनने शिकून ठेवलेलं हवा-इंधनाच्या मिक्श्चरचं गणित पण जातं, एक-दोन दिवस गाडी आयडलला भकभक करते आणि माणूस म्हणतो अजून बिघडली.

दिवा येतो-जातो याचं पण गणित आहे. बऱ्याचशा बिघाडांना ईसीयू एकदाच बघून दिवा लावत नाही, लागोपाठ दोन फेऱ्यांत (गाडी चालू करून बंद करेपर्यंत एक फेरी) तोच बिघाड दिसला तर लावतो, आणि लागोपाठ तीन फेऱ्या ठीक गेल्या तर स्वतःच विझवतो. दिवा विझला तरी कोड आत पडलेला असतो. मास्तरांचा आधी येत-जात होता तो म्हणूनच.

अमळनेरचा मास्तर

जिभाऊ धन्यवाद. कागदावर कोड नाहीये, फोन करून विचारला तर म्हणाले गाडी घेऊन या परत लावावं लागेल. परत ५०० असणारच.

लुकलुकण्याचं म्हणाल तर आता आठवतंय, महिन्याभरापूर्वी मालेगावला लग्नाला गेलतो, लळिंगचा चढ सीएनजीवर एसी लावून चढत होतो, पाच जण होतो, तेव्हा दिवा चमकत होता थोडा वेळ. मला वाटलं इंडिकेटर चालू राहिला.

स्टिअरिंगवाला पाचोरा

मास्तर ईएलएम ३२७ घ्या, ब्लूटूथवाला डबा, ५०० ते हजारात मिळतो ऑनलाईन. स्टिअरिंगखाली गुडघ्याजवळ १६ पिनांचा सॉकेट असतो त्यात खुपसायचा, मोबाईलमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप टाकायचं, किल्ली ऑन, कोड दिसतो. आपल्याकडे २०१३ पासूनच्या पेट्रोल-डिझेल कारांना ओबीडी टू, म्हणजे गाडीने स्वतःच कोड सांगायची सोय, आलंय त्यामुळे तुमच्या २०१७ ला चालणारच. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला चालत नाही, वायफायवाला किंवा बीएलई (नव्या प्रकारचं ब्लूटूथ) लागतो, मी फसलोय त्यात. आणि काम झालं की काढून ठेवा, पंधरा दिवस लावून ठेवला तर बॅटरी उतरते.

युट्यूबवर अमेरिकेतले लोक सांगतात पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट करा, दिवा जातो. मी माझ्या गाडीचं झाकण मुद्दाम आठवडाभर ढिलं ठेवून पाहिलं, काही झालं नाही, नुसता वास येत होता आणि बायको ओरडत होती.

अमळनेरचा मास्तर

शाळेत विज्ञानाच्या सरांकडे निघाला हा डबा! दोन वर्षं कपाटात पडून होता. मधल्या सुट्टीत लावला, पोरं गोळा झाली होती. दोन कोड आले: पी०३०२ आणि पी०४२०. पहिल्यापुढे सिलिंडर २ मिसफायर असं येतंय, दुसऱ्यापुढे कॅटॅलिस्ट एफिशियन्सी कमी. म्हणजे सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलला नाही, कॅटचा कोड आहेच. मग करावंच लागेल का?

धुळ्याचा जिभाऊ

आता खरी गोष्ट सुरू झाली. त्याने खोटं नाही सांगितलं, अर्धं सांगितलं. पी०३०२ कुठे गेला त्याच्या एस्टिमेटमधून? ठिणगी पाडणारा प्लग नाही, त्याला करंट देणारी कॉईल नाही, त्याचं नावच नाही. समजा त्याने सांगितल्याप्रमाणे नवा २४ हजारांचा कॅट बसवला आणि २ नंबर सिलिंडर मिसफायर करतच राहिला, तर तो नवा कॅट पण पुढच्या लळिंगच्या चढावर जाणार. मिसफायर आधी, कॅट नंतर, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही.

आणि मास्तर एक डोक्यात ठेवा, कोड म्हंजे पार्टचं नाव नव्हे. पी०४२० चा अर्थ कॅट बदला असा नाही. कॅटच्या पुढे एक ऑक्सिजन सेन्सर, मागे एक. पुढचा सतत वरखाली होत असतो, ०.१ ते ०.९ व्होल्ट. कॅट चांगला असेल तर मागचा साधारण ०.६-०.७ ला शांत बसलेला असतो, कारण मधला चढउतार कॅटने पचवलेला असतो. मागचा पण पुढच्यासारखा नाचायला लागला की ईसीयू म्हणतो कॅट काम करत नाही, टाक पी०४२०. आता मागचा नाचतो त्याला कारणं बरीच, कॅट मेला असेल, सेन्सर मेला असेल, मधल्या जॉईंटला सायलेन्सर फुटून बाहेरची हवा आत ओढत असेल, किंवा मिसफायरमुळे कच्चं इंधन येऊन सगळा हिशोबच बिघडला असेल. तुमच्या बाबतीत मी शेवटच्यावर पैज लावतो.

आता काम सांगतो. तुमच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरवर वेगळी कॉईल आहे का बघा, वरचं प्लॅस्टिक कव्हर काढलं की चार काळी बोंडं रांगेत दिसतील. असतील तर पैसा न खर्चता कळतं. इंजिन गार असताना, किल्ली बंद, २ नंबरची कॉईल काढून ३ वर आणि ३ ची २ वर. नंबर इंजिनच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) बाजूने मोजायचे. एकेक १० चा बोल्ट असतो. कनेक्टरच्या क्लिपला जपा, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत ते प्लॅस्टिक पापडासारखं होतं, तटकन तुटतं. मग कोड खोडा आणि सीएनजीवर वीस-तीस किलोमीटर चालवा, एखादा चढ घ्या. कोड आता पी०३०३ आला म्हंजे बिघाड कॉईलबरोबर गेला, कॉईल खराब. परत ०३०२ च आला तर कॉईल चांगली, मग तसाच प्लग अदलाबदल करायचा. प्लग काढायच्या आधी त्या खड्ड्यात हवा मारून घ्या नाहीतर धूळ आत पडते, आपल्या शेतरस्त्याची धूळ ती.

प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं दिसलं तर वरच्या कव्हरची गॅस्केट लीक आहे, तेलात भिजून कॉईलचं रबर फुगतं. ती गॅस्केट स्वस्त असते.

स्टिअरिंगवाला पाचोरा

जिभाऊ, बॅटरी काढू नका म्हणालात आणि आता कोड खोडा म्हणताय?

धुळ्याचा जिभाऊ

वाचून, फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून, मग खोडायचं. वाचायच्या आधी नाही. बरोबर पकडलं पण.

केळी एक्सप्रेस, रावेर

जिभाऊंनी सीएनजीचा मुद्दा सोडला म्हणून लिहिते. पेट्रोलपेक्षा सीएनजी पेटवायला प्लगला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कॉईल किंवा प्लग कमजोर झाला की आधी सीएनजीवर धक्के येतात, पेट्रोलवर गाडी गोड चालते आणि माणूस म्हणतो किटमध्ये बिघाड. मास्तरांनी अगदी हेच लिहिलंय पहिल्या पोस्टमध्ये. शिवाय सीएनजीचे इंजेक्टर वेगळे आणि पेट्रोलचे वेगळे. सकाळी पेट्रोलवर पण थरथरते आणि सीएनजीवर पण धक्के, दोन्हीकडे एकाच सिलिंडरला त्रास असेल तर दोन्ही इंजेक्टर एकदम बिघडतील असं होत नाही. मग ते ३,२०० चं इंजेक्टर क्लिनिंग कशाला? कॉईल-प्लग दोन्ही चांगले निघाले तर मात्र कॉम्प्रेशन बघावं, सीएनजीवर व्हॉल्व्ह घासतात.

आता माझी कथा. मी बँकेत आहे, रोज रावेर-सावदा-फैजपूर करते. मागच्या पावसाळ्यात दिवा लागला, ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा कोड, पी०१३५. एका गॅरेजवाल्याने सेन्सर बदलला, साडेचार हजार घेतले. आठ दिवसांनी तोच कोड. दुसरा सेन्सर बसवतो म्हणाला. मी म्हटलं थांब, आधी खाली वाकून वायर बघ. सेन्सरच्या वायरचं वरचं कव्हर उंदराने सोललं होतं, आतली एक तार पूर्ण तुटलेली. गाडी आमच्या गोडाऊनला लागून उभी असते, शेजारी केळीची खोकी आणि सरकी, उंदरांना हॉटेलच ते. इंजिन गरम, वर छप्पर, खाली खायला. तार जोडायला आणि कव्हर चढवायला त्याने शंभर रुपये घेतले आणि मले म्हणतो मॅडम तुम्हाला कसं कळलं. अरे बाप्पा, लेंड्या पडल्या होत्या बॅटरीवर!

तेव्हापासून रात्री बोनेट उघडं ठेवते, उंदराला अंधार आणि ऊब लागते. तंबाखूची पानं, फिनाईल, नॅप्थॅलिन सगळं करून झालंय. तंबाखू खाऊन पण येतात, आमच्याकडचे उंदीर खान्देशी आहेत.

अजिंठा चौक स्पेअर्स

काउंटरवर बसतो म्हणून भावाचं सांगतो. कॉईल चांगल्या ब्रँडची दीड ते अडीच हजारात. प्लग साधे निकेलचे घेतले तर चारही पाचशे-हजारात, इरिडियम महाग पण सीएनजीला टिकतात. ऑक्सिजन सेन्सर तीन ते पाच हजार, त्यापेक्षा फार स्वस्त मिळाला तर खोक्यावरचं स्पेलिंग नीट वाचा. कॅटचा त्यांनी लावलेला भाव फार चुकीचा नाही, महागच असतो, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं.

आणि इथेच खरा मुद्दा आहे जो कोणी सांगत नाही. या धातूंमुळे जुन्या मेलेल्या कॅटला भंगारात चांगले काही हजार मिळतात. कुठेही कॅट बदलला तर जुना पार्ट गाडीत ठेवून मागा, जॉब कार्डवर तसं लिहून घ्या. बहुतेक ठिकाणी तो सर म्हणत म्हणत मागच्या शेडमध्ये जातो.

कोणी म्हटलं कॅट काढून सरळ पाईप लावून देतो तर नाही म्हणा. बेकायदा आहे, मागचा सेन्सर ओरडतच राहणार, आणि मागे उभ्या माणसाच्या डोळ्यात पाणी येतं.

टॅक्सचं म्हणाल तर बऱ्याच पार्ट्सवर २८ टक्के जीएसटी होता तो सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय. जुन्या एमआरपीचं स्टिकर लावून कोणी बिल करत असेल तर विचारा.

भुसावळचा डिझेलवाला

धागा पेट्रोलचा आहे पण माझं पण लिहितो, कोणाला उपयोग होईल. बीएस सिक्स डिझेल, २०२१ ची. रोज घर ते रेल्वे क्वार्टर ते बाजार, चार किलोमीटर जाऊन येऊन. सहा महिन्यांत दिवा, पी२४६३, डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी गाळणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी भरली. डीपीएफ ही काजळी स्वतः जाळतो पण त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागतो आणि चार किलोमीटरात तो तापतच नाही. गॅरेजवाला म्हणाला बदलावा लागेल, आकडा सांगत नाही, बीपी वाढतं. मित्र म्हणाला आधी हायवेला काढ. रविवारी सकाळी जळगाव-धुळे रोडला लावली, चौथ्या गिअरला, दोन-अडीच हजार आरपीएम, मध्ये थांबायचं नाही. पाऊण तासात दिवा गेला. पारोळ्याला शेवभाजी खाऊन परत आलो. आता पंधरा दिवसांनी एकदा शेवभाजी नक्की.

काजळी फार भरली असेल तर हे चालत नाही, मग सर्व्हिस सेंटरलाच लॅपटॉपवरून जाळावी लागते, ते लक्षात ठेवा.

पिंपरीतला खान्देशी

सगळे मिळून सर्व्हिस सेंटरला धुताय म्हणून दुसरी बाजू. मी सात वर्षं एका डीलरकडे ॲडव्हायझर होतो, मूळचा चोपड्याचा. तो पोरगा चोर नसतो. त्याला महिन्याचं टार्गेट असतं, डीकार्बन किती, क्लिनिंग किती, ते भरलं नाही तर मॅनेजर सगळ्यांसमोर काढतो. दिवसाला पंधरा गाड्या, एका गाडीला वीस मिनिटं. कॉईल अदलाबदल करून तीस किलोमीटर चालवून बघायला त्याच्याकडे वेळ कुठे आहे? कोड दिसला, पार्ट लिहिला. आणि पार्ट बदलून दिवा गेला नाही तर सिस्टिम म्हणते पुढचा पार्ट बदला, पैसे तुमचेच. म्हणून तिथे भांडू नका, प्रश्न विचारा. कोड कोणता? कोणती टेस्ट करून हा पार्ट ठरवला? पार्ट बदलून दिवा परत आला तर काय? तिसऱ्या प्रश्नाला तो मॅनेजरला बोलावतो, तिथून एस्टिमेट उतरायला लागतं, मी बघितलंय.

आणि वॉरंटी संपलेली गाडी बाहेर नेली तर काही बिघडत नाही. २०१४ ला कॉम्पिटिशन कमिशनने १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता तो यासाठीच, की तुम्ही ओरिजिनल पार्ट आणि स्कॅनिंगची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाही. त्याआधी आमच्याकडे कंपनीचा स्कॅनर म्हंजे देव्हाऱ्यातली मूर्ती, बाहेरचा माणूस हात लावणार नाही. आता जिभाऊंच्या पोराकडे पण असेल.

धुळ्याचा जिभाऊ

आहे ना. कर्ज काढून घेतलाय, हप्ते चालू आहेत.

टायगर ०२५७

हे सगळं ई२० मुळे होऊन राहिलंय, २० टक्के इथेनॉल, पाणी भरतंय पेट्रोलमध्ये, पण कोणी बोलत नाही.

केळी एक्सप्रेस, रावेर

मास्तर बहुतेक सीएनजीवर चालवतात हो. प्रत्येक गोष्ट ई२० वर ढकलू नका, उंदीर काय ई२० पितात का?

अमळनेरचा मास्तर

अपडेट. रविवारी स्वतः केलं! विज्ञानाचे सर आले होते, १० चा पाना त्यांचाच. कव्हर काढलं, चार कॉईली रांगेत, जिभाऊ म्हणाले तशाच. २ ची काढली तर खालचं रबर पांढुरकं आणि उभी चीर गेलेली, आतून काळा डाग. ठिणगी प्लगला जायच्या ऐवजी बाजूलाच उडत असणार असं सर म्हणाले. ती ३ वर लावली. क्लिप एक तुटलीच, केबल टायने बांधलीय. फोटो काढून कोड खोडला. टाकरखेड्याकडे गेलो, सीएनजीवर, तिसऱ्या गिअरला जोर दिला तर धक्के, दिवा दोन मिनिटं लुकलुकला, पाय काढला. डबा लावला तर पी०३०३. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहून टाळ्या देत होतो, एक आजोबा बैलगाडी थांबवून विचारत होते काय झायं मास्तर.

दुसऱ्या दिवशी गावातल्याच मिस्त्रीकडे नेली. नवी कॉईल २,१५०, चारही प्लग ९६०, एअर फिल्टर ३४० (तो काढल्यावर अर्धा किलो धूळ निघाली, मीच म्हटलं बदल), मजुरी ३००. बिल ३,७५०. जुने प्लग दाखवले, मधला गॅप इतका वाढला होता की नख जाईल. मिस्त्री म्हणतो सीएनजीला प्लग लवकर बघायचे असतात, ८१ हजारांत एकदा तरी बदलले होते का? सर्व्हिस बुक उघडलं तर एकदाच, ४० हजाराला.

सर्व्हिस सेंटरमधून फोन आला होता, सर काय ठरलं, १० टक्के डिस्काउंट देतो. मी तिसरा प्रश्न विचारला, दिवा परत आला तर काय. म्हणाला मॅनेजरशी बोलून सांगतो. अजून बोलतोय बहुतेक.

आता शंका अशी की पी०४२० गेला का खरंच? डब्यात कोड नाही दाखवत, पण कॅटॅलिस्टच्या पुढे इनकम्प्लीट असं येतंय.

धुळ्याचा जिभाऊ

शाब्बास. इनकम्प्लीट म्हंजे कोड खोडल्यावर ईसीयूने कॅटची परीक्षा अजून घेतलीच नाही, पास पण नाही नापास पण नाही. परीक्षा घ्यायला त्याला इंजिन पूर्ण गरम आणि एकसारख्या स्पीडला थोडा वेळ गाडी लागते. गावातल्या गावात होत नाही. धुळ्यापर्यंत ७०-८० ला या, मग परत बघा.

तोवर ॲपमध्ये मागच्या सेन्सरचा ग्राफ लावून ठेवा, सर गाडी चालवतील तुम्ही बघा, चालवणाऱ्याने बघायचं नाही. शांत असेल तर कॅट जिवंत आहे. नाचत असेल तर आधी मिस्त्रीकडून सायलेन्सरचे जॉईंट बघून घ्या, गार इंजिन चालू करून जॉईंटजवळ हात धरला की हवा लागते. तिथेही काही नसेल तर मग कॅटचा विचार, आणि तोही लगेच नाही. लळिंगला थोडा भाजला असेलच तो, पण भाजलेला कॅट पण वर्षानुवर्षं चालतो. जाळी तुटून सायलेन्सर चोक झाला तरच गाडी ओढत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो, दिवा बघत नाही, ते टेन्शन घेऊ नका.

अमळनेरचा मास्तर

शेवटचं अपडेट देतो आणि जातो, पेपर तपासायचे राहिलेत. धुळ्याला जाऊन आलो, कॅटॅलिस्टपुढे आता कम्प्लीट आलंय, कोड नाही. मागच्या सेन्सरचा ग्राफ ०.६५ च्या आसपास असतो, मधूनच एखादी उडी मारतो. सर म्हणतात ही उडी त्यांना आवडली नाही, पण त्यांना पोरांचे पेपर पण आवडत नाहीत.

गडावर जाऊन आलो. मालेगाव, कळवण, नांदुरी. घाट पेट्रोलवरच चढलो, सीएनजीवर घालायची हिंमत नाही झाली, उतरताना मात्र सीएनजीवर घातली. आईने वर पोचल्यावर बोनेटला हळद-कुंकू लावलं, बरोबर कॉईलच्या वर.

टायगर भाऊ, तुमच्या गाडीचा कोड एकदा वाचून घ्या, जळगावहून अमळनेर जवळ आहे. पण डबा सध्या माझ्याकडे नाही, स्टाफरूममध्ये फिरतोय, आज भूगोलाच्या सरांच्या गाडीत आहे आणि त्यांच्या पुढे अजून तिघांचा नंबर आहे.